ठिणगीची वेळ



आजचा विषय ऐकून पुष्कळांस वाटेल कीं, हें काम गॅरेजांतल्या मिस्त्रीचें आहे. घरीं बसून भाषण ऐकणाऱ्या गृहस्थांनीं आणि गृहिणींनीं त्यांत लक्ष घालण्याचें कारण काय? कारण आहे, आणि तें अगदीं व्यवहाराचें आहे. नाशिकांत अजूनही अशीं कितीतरी घरें आढळतात कीं, ज्यांच्या जिन्याखालीं वडिलांची बुलेट किंवा काकांची चेतक चादर पांघरून उभी आहे. ती विकवत नाहीं, आणि धड चालतही नाहीं. किक मारून पाय दुखतो, चालूं झालीच तर चढावर दम टाकते, आणि सायलेन्सर इतका तापतो कीं जवळ उभें राहवत नाहीं. मग कोणीतरी सांगतो, ‘इंजिन गेलें.’ माझें म्हणणें असें आहे कीं, हा निकाल मान्य करण्यापूर्वीं एक गोष्ट मोजून पाहावी. ती म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ.

प्रथम ही वेळ म्हणजे काय तें पाहूं. सिलिंडरांत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचें मिश्रण येतें, पिस्टन वर जाऊन तें दाबतो, प्लगच्या टोकाशीं ठिणगी पडते, मिश्रण पेटतें आणि त्याचा दाब पिस्टनला खालीं लोटतो. सामान्य समजूत अशी असते कीं, ठिणगी पडतांच सारें मिश्रण बंदुकीच्या दारूप्रमाणें एका क्षणांत उडतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. ज्योत प्लगपासून निघून सिलिंडरभर पसरते, आणि त्या प्रवासाला वेळ लागतो. हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो. पण इंजिनाच्या घड्याळांत तोच फार मोठा असतो. मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत पुरा होतो. ज्योत पसरण्यास सेकंदाचे दोन सहस्रांश लागले असें धरलें, तर तेवढ्यांत दांडा ३६ अंश फिरून गेलेला असतो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोंचण्याची वाट पाहून चालत नाहीं. ठिणगी त्याच्या आधींच पडावी लागते.

आमच्या माताभगिनींना हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. पाहुण्यांचीं पानें बाराला मांडावयाचीं असलीं तर तांदूळ कांहीं बाराला चुलीवर ठेवीत नाहींत. भात शिजण्यास लागणारा वेळ हिशेबांत धरून चूल आधीं पेटवितात. आणि पाहुणे लवकर येणार असें कळलें तर आणखी आधीं. इंजिनाचेंही तसेंच. वेग वाढला म्हणजे पिस्टनरूपी पाहुणा लवकर येतो, म्हणून ठिणगीही अधिक आधीं पडावी लागते. यालाच मिस्त्री लोक ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात. वेग वाढतो तशी सिलिंडरांतली खळबळही वाढते व ज्योत अधिक चपळ होते. म्हणून वेग दुप्पट झाला तरी अ‍ॅडव्हान्स दुप्पट करावा लागत नाहीं, आणि एका मर्यादेपुढें तो वाढविण्याचें कारणच उरत नाहीं.

वेळ चुकली तर काय होतें? ठिणगी फार लवकर पडली तर दाब माथा येण्यापूर्वींच वाढतो, आणि वर येणाऱ्या पिस्टनला त्याशीं झुंजावें लागतें. आंतून खडे आपटल्यासारखा आवाज येतो, आणि दुर्लक्ष केलें तर पिस्टनच्या माथ्याला भोंक पडण्यापर्यंत मजल जाते. सुरू करतांना तर इंजिन उलटें फिरून किकचा दांडा पायावर आदळतो. अशा तडाख्यानें घोटा दुखावलेले लोक मीं पाहिले आहेत. उलट ठिणगी उशिरा पडली तर मिश्रण पिस्टन खालीं निघाल्यावर जळत राहतें. बाहेर जाण्याची झडप उघडते तेव्हांही आग पुरती विझलेली नसते. जी उष्णता चाक फिरविण्याच्या कामीं यावयाची ती सिलिंडरच्या डोक्यांत आणि सायलेन्सरच्या नळींत जाते. पेट्रोल अधिक लागतें, ओढ कमी होते, आणि नळी निळी पडते.

येथें हवेनें थंड होणाऱ्या इंजिनांचा विशेष लक्षांत घेतला पाहिजे. मोटारीच्या इंजिनाभोंवतीं पाणी खेळत असतें. थोडी जादा उष्णता तें पोटांत घालतें. बुलेटला तो आधार नाहीं. सिलिंडरवरच्या धातूच्या पाळ्या आणि समोरून येणारा वारा, एवढाच तिचा पाणवठा. रविवार कारंजावर गर्दींत अडकली कीं वाराही थांबतो. चेतकच्या इंजिनावर पत्र्याचें आवरण असतें आणि फ्लायव्हीलच्या पात्या पंख्यासारखा वारा घालतात. तो मार्ग चिखलानें वा कचऱ्यानें तुंबला कीं तिचीही तीच गत. अशा इंजिनांना दोनचार अंशांची चूकही सहन होत नाहीं. चैत्र-वैशाखांत मुंबईहून येतांना कसारा घाट चढून इगतपुरीला पोंचेपर्यंत त्यांची खरी परीक्षा होते.

आतां ही ठिणगी पाडतो कोण, त्याचा थोडा इतिहास. स्टुटगार्ट येथील बॉश यांच्या कारखान्यांत गोटलोब होनोल्ड यानें १९०२ सालीं उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. मॅग्नेटो बॅटरीवांचून, स्वतःच्या चुंबकाच्या बळावर ठिणगी देतो. त्यानंतर १९१० च्या सुमारास अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यानें बॅटरी, कॉइल आणि उघडमीट करणारे पॉइंट यांची जुळणी रूढ केली. आपल्याकडच्या गाड्यांत या दोन्ही घराण्यांचे वंशज दिसतात. रेडिच गांवच्या इंग्रज कंपनीची बुलेट १९५५ पासून मद्रासेस जुळवूं लागले. तिच्यांत बॅटरी आणि कॉइल. लष्करानें आणि पोलिसांनीं ती वापरली. देवळालीच्या छावणीमुळें नाशिककरांच्या कानांना तिचा ठेका जुन्या ओळखीचा आहे. बजाजची चेतक १९७२ सालीं आली. तिच्यांत फ्लायव्हीलखालीं दडलेला मॅग्नेटो. सातपूरच्या ज्या मायको कारखान्यावरून आपल्या एका चौकाचें नांव पडलें, तेथें मात्र डिझेल इंजिनांचे इंजेक्टर होत. डिझेलला ठिणगी लागत नाहीं, पण तेथेंही इंधन नेमक्या क्षणीं फवारण्याचा प्रश्न आहेच. २००८ सालीं त्या कंपनीचें नांव बॉश झालें. म्हणजे होनोल्डचें घराणें आपल्या वेशीशीं येऊन राहिलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

बुलेटच्या उजव्या अंगाला दांतेरी चाकांच्या पेटीवर एक लहान डबी असते. तीस पुष्कळजण डिस्ट्रिब्यूटर म्हणतात. पण सिलिंडर एकच असल्यामुळें तिला वांटणी अशी करावयाची नसते. खरा डिस्ट्रिब्यूटर पाहावयाचा तर चार सिलिंडरांच्या फोक्सवॅगन बीटलकडे वळावें. मेक्सिकोंत २००३ सालीं तिचें उत्पादन थांबेपर्यंत दोन कोटी पंधरा लाखांवर गाड्या निघाल्या. तिचें इंजिनही हवेनेंच थंड होतें. तिच्या डिस्ट्रिब्यूटरमध्यें एक फिरता हात असतो. तो पहिला, चवथा, तिसरा, दुसरा या क्रमानें सिलिंडरांना ठिणगी वांटतो. यांतली मौज ऐका. तेल थंड करण्याची जाळी पूर्वीं वाऱ्याच्या वाटेंतच उभी असे, त्यामुळें तिसऱ्या सिलिंडरला वारा कमी व गरम मिळे. कारागिरांनीं काय केलें? कित्येक डिस्ट्रिब्यूटरांत तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी मुद्दाम दोनतीन अंश उशिरा पडेल असा कॅम घडविला, म्हणजे तेथें ठोके पडण्याची भीति कमी. पुढें १९७१ च्या सुमारास ती जाळीच वाऱ्याच्या वाटेंतून बाजूला काढली. वेळ आणि उष्णता यांचें नातें किती जवळचें आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

बुलेटची डबी उघडली कीं आंत तीन गोष्टी दिसतात. एक, मधोमध फिरणारा कॅम. दुसरी, त्याच्या उंचवट्यानें उघडणारे पॉइंट. तिसरी, त्यांच्याखालीं दोन लहान वजनें आणि नाजूक स्प्रिंगा. पॉइंट मिटलेले असतात तोंवर कॉइलमधून प्रवाह वाहतो. ते उघडतांच प्रवाह तुटतो, आणि त्याच क्षणीं कॉइलमध्यें हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होऊन प्लगवर ठिणगी उडते. कंडेन्सर पॉइंटांवरची आग आवरून धरतो. पॉइंट वारंवार जळूं लागले तर त्याच्याकडे संशयानें पाहावें. वेग वाढला म्हणजे तीं वजनें बाहेर फेंकलीं जातात आणि कॅमला पुढें सरकवितात. भात आधीं चढविण्याचें काम तीं आपोआप करतात. कित्येक मोटारींत याखेरीज कार्ब्युरेटरच्या ओढीवर चालणारी एक पडद्याची डबीही असते. भार कमी असतां मिश्रण विरळ व संथ जळणारें असतें, तेव्हां ती वेळ आणखी पुढें घेते. चेतकमध्यें यांपैकीं कांहींच नाहीं. तेथें एकदां बसविलेली वेळ सर्व वेगांना तीच.

आतां व्यवहाराकडे वळतों. आपल्याकडे बुलेटच्या बाबतींत एक हौस फार बोकाळली आहे. गाडी उभी असतां तिचा ठोका संथ, खोल, मोजून घ्यावा असा पडला पाहिजे, म्हणून कित्येकजण ठिणगीची वेळ मुद्दाम मागें घेतात. आवाज मिळतो, पण त्याची किंमत इंजिन देतें. ज्या ठोक्याची गल्लींत वाहवा होते, त्याच ठोक्यानें झडपा भाजतात. तरुण मुलांना माझें सांगणें आहे कीं, गाडी उभी असतां कशी वाजते याहून ती घाटांत कशी ओढते, हें तिच्या प्रकृतीचें खरें लक्षण आहे.

मग वेळ बसवावी कशी? क्रम असा. प्रथम पॉइंट स्वच्छ व सपाट करावे आणि पूर्ण उघडले असतां त्यांतील फट फीलर गेजनें मोजावी. बुलेट ३५० ला ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर सांगितलेली आहे. ही फट आधीं, आणि वेळ नंतर. कारण फट वाढली कीं पॉइंट लवकर उघडतात व वेळ आपोआप पुढें जाते. फट घटली कीं वेळ मागें पडते. पॉइंटची कॅमवर घासणारी टांच झिजते, फट हळूहळू मिटत जाते, आणि कोणीं हात न लावतांही वर्षाकाठीं ठिणगी उशिरा पडूं लागते. टांचेशीं चिमूटभर ग्रीस एवढा उपाय पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं.

दुसरी पायरी पिस्टनचा माथा शोधण्याची. प्लगच्या भोंकांतून सायकलची तार घालून ‘आला वर’ म्हणण्याची रीत सरसकट आहे. परंतु माथ्याजवळ पिस्टन जवळजवळ थबकतो; दांडा पांचसहा अंश फिरला तरी तारेला तें कळत नाहीं. शिवाय बुलेटचें भोंक तिरपें आहे. येथें भूमिति उपयोगी पडते. जुन्या प्लगमधील चिनीमाती काढून त्यांत गोल टोकाचा बोल्ट बसवावा, आणि तो भोंकांत आंवळावा, म्हणजे पिस्टन माथ्याच्या अलीकडेच अडेल. प्रायमरीचें झांकण काढून दांड्याच्या टोकाशीं अंश आंखलेली चकती लावावी. इंजिन हातानें, अगदीं हळू, एका बाजूनें अडेपर्यंत फिरवावें व खूण करावी. मग उलट फिरवून दुसऱ्या बाजूनें अडेल तेथें खूण करावी. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे माथा. शाळेंत कोन दुभागण्याची जी कृति शिकविली जाते, तीच येथें लोखंडांत करावयाची आहे. काम होतांच बोल्ट काढून ठेवावा, हें सांगणें नलगे.

तिसरी पायरी खुद्द वेळेची. जुन्या पुस्तिकेंत बुलेट ३५० ची वेळ, वजनें मिटलेलीं असतां, माथ्यापूर्वीं ०.८ मिलिमीटर दिलेली असे. नव्वद मिलिमीटरच्या धांवेंत हें अंतर सुमारें दहा अंशांचें होतें. दोन्ही झडपा मिटलेल्या असतील असा दाबाचा फेरा निवडावा, आणि इंजिन नेहमीं फिरतें त्याच दिशेनें या खुणेवर आणावें, म्हणजे दांतेरी चाकांतला ढिलेपणा निघून जातो. पॉइंटांना समांतर एक लहान बल्ब जोडून स्विच चालू करावा. पॉइंट मिटलेले तोंवर बल्ब विझलेला. उघडले कीं पेटतो. ज्यांच्यापाशीं बल्ब नसेल त्यांनीं पॉइंटांत पतंगाच्या कागदाची पट्टी धरावी. येवल्याच्या संक्रांतीचा कागद येथेंही कामाला येतो. तो ज्या क्षणीं सैल सुटेल तोच उघडण्याचा क्षण. तो खुणेवर येईपर्यंत डबीची बैठक सरकवावी. मात्र एक गोष्ट विसरूं नये. ही डबी इंजिनाच्या निम्म्या वेगानें फिरते. म्हणून बैठक एक अंश सरकली तर ठिणगी दोन अंश सरकते. नखभर हालचालींत गाडीची प्रकृति बदलते, ती यामुळें. शेवटीं कॅमला बोटांनीं पीळ देऊन सोडावा. तो चटकन् मागें आला पाहिजे. वजनें गंजून अडकलीं असलीं तर खालीं साधलेली वेळ वर बिघडते.

आणि एक शिस्त. एका वेळीं एकच बदल करावा. पुष्कळजण वेळ आणि कार्ब्युरेटर यांना एकदमच हात घालतात. मग सुधारलें तें कशानें आणि बिघडलें तें कशानें, हें ब्रह्मदेवालाही सांगतां येत नाहीं.

या मोजमापाला एवढें महत्त्व देण्याचें कारण एका घरचा अनुभव. माझ्या परिचयांतील एका बाईंचे यजमान गेल्यावर त्यांची बुलेट दोन वर्षें उभी होती. मुलानें ती चालवावी, एवढीच त्यांची इच्छा. एका गॅरेजांत सांगण्यांत आलें कीं, सिलिंडर झिजला आहे, बोअर करून नवा पिस्टन घालावा लागेल. आणि तो खर्च ऐकून भंगाराच्या भावानें गाडी देण्याची तयारी झाली होती. माझा एक जुना विद्यार्थी आतां मोटारींचें काम करतो. मीं त्यास पाहण्यास सांगितलें. त्यानें प्लगच्या भोंकावर अंगठा धरून मुलाला किक मारावयास लावली, तों अंगठा उडाला. दाब भरपूर होता! मग पॉइंट पाहिले. टांच झिजून फट कागदाएवढी राहिली होती, आणि ठिणगी माथ्यानंतर पडत होती. नवे पॉइंट, नवा कंडेन्सर आणि एक सकाळ, एवढ्यावर काम झालें. मुलानें आईला मागें बसवून त्र्यंबकेश्वरापर्यंत नेलें. ज्याला मोजतां येतें तो माणूस त्या घराला भेटला नसता, तर एका चांगल्या इंजिनाला मेलेलें ठरवून तें भट्टींत गेलें असतें.

कोणी विचारील, हा सारा खटाटोप कशाला? पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक ठिणगी बसवावी म्हणजे झालें. तिला माझा विरोध नाहीं. तिच्यांत घासणारी टांच नाहीं, म्हणून एकदां साधलेली वेळ टिकते. पण ती एकदां तरी साधावीच लागते, आणि माथा शोधण्याची वरची कृति तेथेंही चुकत नाहीं. ती रानांत बंद पडली तर वाटेंत दुरुस्त होत नाहीं. म्हणून जुने पॉइंट हत्यारांच्या पेटींत जपून ठेवावे. शिवाय २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न केलेल्या वाहनांसाठीं निराळ्या नोंदणीची सोय केली. त्या दृष्टीनेंही मूळ भाग फेंकून देऊं नयेत.

इंधनही बदललें आहे. शिशाचें पेट्रोल देशांत २००० सालीं बंद झालें, आणि २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचें पेट्रोल पंपांवर येऊं लागलें. आपल्याच उसाचें तें लेंकरूं. पण त्याच्या अंगीं प्राणवायु असल्यामुळें जुन्या कार्ब्युरेटरचें मिश्रण विरळ होतें, आणि विरळ मिश्रण हवेनें थंड होणाऱ्या इंजिनाला तापवितें. अशा वेळीं ठिणगीही उशिराची असेल तर दुष्काळांत तेरावा महिना. प्लगचें टोक पांढरें फटक दिसूं लागलें तर जेट पाहावा, आणि त्याआधीं वेळ तपासावी.

चेतक हें नांव २०२० पासून विजेच्या स्कूटरवर आलें आहे. तिच्यांत प्लग नाहीं, पॉइंट नाहीं, कीं अ‍ॅडव्हान्स नाहीं. काळाचा ओघ त्या दिशेनें आहे, आणि शहराच्या हवेचा विचार करतां तो इष्टही आहे. परंतु जिन्याखालच्या गाड्या आहेत तोंवर त्यांना न्याय मिळाला पाहिजे, आणि तो न्याय ऐकीव निदानानें मिळत नाहीं. त्यासाठीं फीलर गेज, बल्ब आणि अंशांची चकती जाणणारा माणूस लागतो. असे मिस्त्री आतां वयस्क झाले आहेत. आपल्या मुलाला सुटींत आठ दिवस त्यांच्यापाशीं बसूं द्या. हात काळे होतील, कपड्यांना तेलाचे डाग पडतील. पण अर्ध्या मिलिमीटरला किंमत असते, हें ज्ञान त्याच्या बोटांत उतरेल. तें एकदां बोटांत उतरलें म्हणजे पुढें कोणत्याही धंद्यांत त्याला तें सोडून जाणार नाहीं.